जमीन लागते तेव्हा...

मराठीत 'बोट लागणे' असा एक नेमका शब्दप्रयोग आहे. एसटी लागते, गाडी लागते, तशी बोट लागते. पोटात ढवळतं, तोंड आंबट होतं, आणि शेजारच्या बाईनं पर्समधून काढून दिलेली आवळा सुपारी त्या घटकेला अमृतासारखी वाटते. पण बोटीवरून उतरल्यावर जे होतं त्याला मात्र आपल्याकडे शब्द नाही. चार दिवस समुद्रावर काढून माणूस घरी येतो, तोंड धुवायला वाकतो आणि वॉशबेसिन हळूच डावीकडे सरकल्यासारखं वाटतं. पलंगावर आडवं झालं की पलंग झुलतो. आमच्या घरात गेल्या जानेवारीत याला 'जमीन लागणे' असं नाव पडलं. नाव ठेवलं आमच्या सासूबाईंनी, वय वर्षं शहात्तर.

क्रूझ म्हणजे एकेकाळी हिंदी सिनेमातल्या श्रीमंत बापाच्या मुलीनं करायची गोष्ट होती. आता तसं राहिलेलं नाही. २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर 'आंग्रिया' ही बोट सुरू झाली होती. २०२१ च्या सप्टेंबरपासून मुंबईहून गोवा, लक्षद्वीपकडे मोठ्या क्रूझ बोटी सुटू लागल्या. कुणी आईवडिलांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाचं निमित्त करतं, कुणी निवृत्तीच्या पैशातून एक हौस म्हणून जातं, कुणी हप्त्यांवर जातं. जायच्या आधी काय घ्यायचं, बोटीवर काय बघायचं, याबद्दल सांगणारे पुष्कळ भेटतात. परत आल्यावर काय होतं हे मात्र कुणी सांगत नाही. आज त्याबद्दलच बोलू या.

आधी त्या झुलणाऱ्या पलंगाचा उलगडा करू. आपला तोल सांभाळायचं काम डोळे, पायांचे स्नायू आणि कानाच्या आतला भाग मिळून करतात. कानात आत तीन बारीक अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यांत द्रव असतो. डोकं हललं की तो द्रव हलतो आणि मेंदूला खबर जाते. बोटीवर पहिला दिवस हा सगळा कारभार गोंधळतो. केबिनच्या भिंती स्थिर दिसतात, पण कान सांगतो की आपण हलतोय. मग बोट लागते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मेंदू शहाणा होतो. आता हलणं हेच खरं, असं धरून तो तोल सांभाळायला लागतो. तेवढ्यात आपण धक्क्यावर उतरतो. जमीन स्थिर असते, पण मेंदू अजून लाटेची वाट बघत असतो!

हे दुखणं नवीन नाही. उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणाऱ्या चार्ल्स डार्विनचे आजोबा इरॅस्मस डार्विन हे डॉक्टर होते. त्यांनी १७९६ च्या सुमारासच याची नोंद करून ठेवली आहे. बहुतेकांचं हे झुलणं काही तासांत, फार तर दोन दिवसांत थांबतं. त्यासाठी औषधगोळ्यांची गरज नसते. पुरेशी झोप, पाणी, मोकळ्या जागेत चालणं आणि दूरवर नजर ठेवणं एवढं पुरतं. त्या दिवशी गाडी किंवा स्कूटर चालवू नये. शिडीवर चढून माळ्यावर बॅगा टाकण्याची घाई तर मुळीच करू नये. घरात वयस्कर माणूस असेल तर दोन दिवस आंघोळीला स्टूल द्यावं आणि रात्री बाथरूमचा दिवा चालू ठेवावा. झुलण्यानं फारसं बिघडत नाही, पण ओल्या फरशीवर पडलं तर खुबा मोडतो.

क्वचित एखाद्याचं हे झुलणं आठवडेच्या आठवडे जात नाही. चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांत ते जास्त आढळतं. त्याची एक गंमतीशीर खूण अशी की, गाडीत बसलं की बरं वाटतं आणि गाडी थांबली की पुन्हा सुरू होतं. महिना उलटून गेला तरी असं होत असेल तर कान-नाक-घशाच्या किंवा मेंदूच्या डॉक्टरांना दाखवावं, आणि बोटीचा प्रवास केला होता हे आवर्जून सांगावं. नाहीतर तपासण्यांवर तपासण्या होतात, आणि घरचे मात्र म्हणत राहतात, 'काही नाही, हिच्या मनाचे खेळ!'

आजीची बोट

सासूबाईंचं माहेर देवगडकडचं. वडील गिरणगावात, आई गावी. त्यामुळे लहानपणी मे महिन्यात मुंबईला यायचं आणि पावसाच्या आत परत जायचं ते कोकण बोटीनं. भाऊच्या धक्क्यावर ट्रंका, वळकट्या, कोंबड्या आणि माणसं एकाच फळीवरून चढायची. डेकवर चटई टाकली की तेवढी जागा आपली. बंदरात बोट धक्क्याला लागत नसे, लांब उभी राहायची. मग होडीवाले यायचे आणि बायकापोरांना झेलून खाली घ्यायचे. पावसाळ्यात बोटी बंद. त्या चार महिन्यांत मुंबईला गेलेल्या माणसाची खबर फक्त पत्रानं.

क्रूझच्या लिफ्टमध्ये उभ्या राहून त्यांनी हे सगळं नातवंडांना सांगितलं. नातवाला लिफ्टपेक्षा कोंबड्यांत जास्त रस होता. मग त्यांनी 'रामदास'ची गोष्ट सांगितली. १७ जुलै १९४७. आषाढातली अमावास्या. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ही बोट मुंबईपासून थोड्याच अंतरावर उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. बहुतेक सगळी घरी निघालेली. सणाला, शेतीला, बायकोमुलांकडे. सासूबाईंचा जन्म त्यानंतरचा. पण त्यांच्या आईनं आयुष्यभर बोटीच्या भोंग्याचा आवाज आला की हात जोडले. त्यांच्या पिढीला बोट ही मौजेची गोष्ट नव्हतीच. बोट म्हणजे घरी पोचणं. माणूस सुखरूप उतरला की नारळ फोडायचा.

आणि आता आपण बोटीत बसतो ते घरापासून सुटका म्हणून! सासूबाई हे टोमणा म्हणून बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी डेकवर खुर्चीत बसून, समुद्राकडे बघत, त्या सहज म्हणाल्या, "तीन दिवस झाले, मला कुणी विचारलं नाही आज भाजी काय करायची." पन्नास वर्षांच्या संसारात असे सलग तीन दिवस त्यांना पहिल्यांदा मिळाले होते. बाळंतपणातसुद्धा मिळाले नव्हते, असं त्याच म्हणाल्या.

कुलूप उघडल्यावर

बोट सकाळी मुंबईला लागली. बॅगा, टॅक्सी, वाहतूक, आणि दुपारी एक वाजता आम्ही आमच्या दाराशी. चार दिवस बंद असलेल्या घराला स्वतःचा एक वास असतो. मोरीच्या जाळीतलं पाणी सुकलं की गटाराचा वास थेट आत येतो. तो जायला बादलीभर पाणी ओतावं लागतं. बाल्कनीतली तुळस मान टाकून उभी. फ्रिजमध्ये अर्धी वाटी दही, त्यावर हिरवट बुरशी. शेजारच्या काकूंकडे साठलेली वर्तमानपत्रं. नको म्हणून सांगूनही दूधवाल्यानं टाकलेल्या दोन पिशव्या. काकूंनी त्या तापवून, विरजून, दह्याचं पातेलं आमच्यासाठी ठेवलेलं. असे शेजारी असणं हे कुठल्याही क्रूझच्या पॅकेजपेक्षा मोठं भाग्य, हे जाता जाता सांगून ठेवते.

मग जे झालं ते तुमच्याही घरात झालं असेल. आमचे हे पंख्याखाली सोफ्यावर बसले. मुलगा टीव्हीपुढे. मुलगी मोबाइल चार्जिंगला लावून त्याच्याच शेजारी आडवी. आणि सासूबाई? चपला काढल्या, पाय धुतले आणि सरळ स्वयंपाकघरात गेल्या. एका हातानं ओट्याची कड धरून, कारण जमीन झुलत होती, दुसऱ्या हातानं त्या चहाचं आधण ठेवत होत्या. मी पाठोपाठ आत गेले, तर त्या म्हणाल्या, "तू कपड्यांचं बघ, मी खिचडी टाकते."

चार रात्री, पाच माणसं. मी कपड्यांचा ढीग मोजला नाही, पण मशीनचे चार फेरे झाले असते. उद्या शाळा, गणवेशाला इस्त्री नाही. कामवाल्या बाईंना आपणच सुट्टी दिलेली, त्या परवा येणार. थोडक्यात, सुट्टी सगळ्यांची होती, पण संपली ती घरातल्या दोन बायकांची. बाकीच्यांची अजून चालूच होती.

हे आमच्याच घरातलं रडगाणं आहे असं समजू नका. देशभरातली माणसं दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात, याची पाहणी केंद्र सरकार करतं. २०२४ च्या पाहणीत असं आढळलं की, घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, म्हणजे जवळजवळ पावणेपाच तास. पुरुषांचे जातात ८८ मिनिटं. आणि ही सरासरी जे पुरुष घरकामाला हात लावतात त्यांची आहे. न लावणारे यात धरलेलेच नाहीत. आता प्रवासाहून परतलेल्या दिवशी हे २८९ कुठवर जात असतील, याचा हिशोब प्रत्येकीनं आपापल्या घरी करावा.

जे घरी येत नाहीत

त्या दुपारी वादाला तोंड फुटलं असतं. ते फुटलं नाही, याला कारण आमची धाकटी. बोटीवर आमची केबिन आवरायला रोज एक मुलगा यायचा. विशी-बाविशीचा, गोव्याचा. टॉवेलचा कधी हत्ती, कधी ससा करून पलंगावर ठेवायचा. पोरं त्याच्यावर खूश. मुलीनं तो हत्ती न मोडता घरी आणायचा हट्ट धरला होता. खिचडीचा कुकर लागलेला असताना ती एकदम म्हणाली, "आई, तो दादा सगळ्यांच्या खोल्या आवरतो. मग त्याच्या घरी कोण आवरतं?"

प्रश्न लहान, पण उत्तर लांबचं आहे. गोवा आणि कोकण किनाऱ्यावरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या बोटीवर गेली आहेत. कुणी खलाशी, कुणी आचारी, कुणी वाजंत्री. मुंबईत धोबीतलावच्या आसपास गोव्याच्या गावागावांचे 'कूड' आहेत. बोटीची वाट बघणाऱ्या त्या त्या गावच्या माणसांनी स्वस्तात राहावं म्हणून काढलेल्या या खोल्या. घर तिकडे सालसेतमध्ये, पथारी धोबीतलावला आणि नोकरी समुद्रावर. अशा घरांतून संसार ओढला तो बायकांनीच.

बोटीवरच्या कामगारांसाठी आता आंतरराष्ट्रीय करार आहे. २००६ मध्ये तो झाला, भारतानं २०१५ मध्ये तो स्वीकारला. त्यानुसार चोवीस तासांत किमान १० तास आणि आठवड्याला किमान ७७ तास विश्रांती मिळायलाच हवी. वर्ष भरायच्या आत माणसाला स्वखर्चानं नव्हे, तर मालकाच्या खर्चानं घरी पाठवण्याची सोय हवी. म्हणजे उलट बाजूनं वाचलं तर असं की, आपण चार रात्री राहून येतो त्या बोटीवर तो मुलगा आठ-दहा महिने सलग असू शकतो, आणि त्याला आठवड्यातून एक पुरा दिवस सुट्टी मिळेलच असं नाही.

२०२० च्या फेब्रुवारीत जपानच्या योकोहामा बंदरात 'डायमंड प्रिन्सेस' ही क्रूझ बोट कोरोनामुळे अडकली होती, ते आठवतं? बोटीवर ३,७११ माणसं. त्यांत भारतीय १३८. आणि या १३८ मध्ये प्रवासी किती होते? फक्त सहा! बाकीचे १३२ तिथे कामाला होते. प्रवाशांना आपापल्या केबिनमध्ये कोंडून घ्यायला सांगितलं, तेव्हा त्यांना जेवणाचं ताट दारात नेऊन देणारे हेच कर्मचारी होते. सातशेहून जास्त जणांना त्या बोटीवर लागण झाली. महिना संपता संपता विशेष विमानानं आपली बरीच माणसं परत आणली, तेव्हा त्यांच्या घरच्यांनी सोडलेला सुस्कारा आणि 'रामदास'च्या काळातल्या बायकांनी धक्क्यावर धरून ठेवलेला श्वास, यांत मला तरी काही फरक वाटत नाही.

धाकटीला मी एवढं सगळं सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की, "त्याच्या घरी त्याची आई आवरत असेल." त्यावर तिनं स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिथं तिची आजी ओट्याची कड धरून उभी होती. ती उठली आणि आजीला हाताला धरून बाहेर घेऊन आली. मग तिचा बाबाही उठला. कुणी कुणाला काही बोललं नाही. खिचडी त्यानंच उतरवली. तूप वाढताना थोडं सांडलं, पण पापड मात्र फर्मास भाजले.

उतरायचा दिवस

आता आमच्या घरात एक नियम आहे. प्रवास कितीही दिवसांचा असो, एक दिवस 'उतरायचा' म्हणून वेगळा धरायचा. बोट शनिवारी लागली तर शाळा-ऑफिस सोमवारी. रविवारी रात्री परतून सोमवारी सकाळी डबे करायचे, असली तिकिटं काढायचीच नाहीत. तिकीट थोडं महाग पडलं तर एक रात्र कमी फिरायचं.

त्या दिवशीची कामं निघण्यापूर्वीच वाटून द्यायची. आल्यावर वाटायला गेलं की जी उभी असते तिच्याच वाट्याला ती येतात. ज्याची बॅग त्यानं रिकामी करायची. मळके कपडे बोटीवरच वेगळ्या पिशवीत भरून आणायचे, म्हणजे पिशवी थेट मशीनशी जाते. गणवेश जाण्यापूर्वीच धुऊन, इस्त्री करून कपाटात. फ्रिज रिकामा, कचरा बाहेर, गॅसचा नॉब बंद, नळ बंद. कुंड्यांखाली पाण्याची ताटली. डब्यात मुगाची डाळ-तांदूळ मोजून, धुवायला तयार ठेवलेले. त्यावर खिचडी कशी करायची ते लिहिलेली चिठ्ठी, म्हणजे 'मला कुठं येतं?' हे वाक्य बाद. शिवाय चार दिवस बुफेवर तुटून पडलेल्या पोटाला त्या दिवशी खिचडी-ताकच बरं. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांनी तर बोटीवरचं खारवलेलं, तळलेलं खाऊन आल्यावर एकदा रक्तदाब मोजून घ्यावा.

पैशांचा हिशोबही त्याच दिवशी मिटवावा. बोटीवर पाकीट उघडावं लागत नाही, खोलीच्या कार्डावरच सगळं लिहिलं जातं. ही सोय गोड आणि म्हणूनच महाग. शेवटच्या रात्री बिल मागून घ्यावं आणि ओळीनं वाचावं. सरबत, फोटो, इंटरनेट, सेवाशुल्क, सगळं त्यात असतं. मोबाइलनं भर समुद्रात बोटीवरचं उपग्रहाचं नेटवर्क पकडलं असेल तर त्याचे दर जमिनीवरच्यापेक्षा पुष्कळ जास्त असतात. तेही तपासावं. मुलांच्या खिशातून शंखशिंपले निघाले तर बघून घ्या. लक्षद्वीपचं पोवळं उचलून आणणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. सोसायटीत फोटो दाखवताना समोरच्याची परिस्थितीही बघावी. कामवाल्या बाईंच्या मुलासाठी खाऊ आणला असेल तर तो आधी द्यावा, फोटो मग.

आणि शेवटचं. जाताना आपण घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारतो, 'तिकडे काय बघायचंय?' आल्यावर विचारावं, 'तिकडं काय आवडलं?' सासूबाईंना मी विचारलं. मला वाटलं, त्या समुद्र म्हणतील, नाहीतर लक्षद्वीपचं ते निळं पाणी. त्या म्हणाल्या, "आयता चहा."

तो त्यांना आता घरीही मिळतो. रोज सकाळी सहा वाजता, नातवाच्या हातचा. साखर कधी जास्त पडते. त्या तक्रार करत नाहीत.